डायरीत शेरा आला, "फक्त खेळतो". छोट्या गटातल्या मुलाचं काय करावं? (सोलापूर)

साखरपेठ_सूनबाई | ५ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा सव्वाचार वर्षांचा. जूनपासून छोट्या गटात जातो. परवा डायरीत बाईंचा शेरा आला, "लेखनात मागे आहे. वर्गात फक्त खेळतो. घरी १ ते ५० चा सराव घ्यावा." शाळेचं नाव विचारू नका. बाई स्वभावाने वाईट नाहीत, आणि शेरा बहुतेक अर्ध्या वर्गाला आला असणार.

सराव घेतला. सहाव्या आकड्यापाशी रडारड. पेन्सिल मुठीत धरतो, उलथनं धरावं तशी. सासूबाई म्हणतात, तुझ्या नवऱ्यानं या वयात अख्खी पाटी भरली होती. नवरा म्हणतो, मला आठवत नाही.

आता हाच मुलगा दुपारी काय करतो ते सांगते. दारातल्या चपलांच्या जोड्या लावतो, मग लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ. आजोबांची मात्र सगळ्यात पुढे, कारण ते ड्रायव्हर आहेत. मग खुर्च्या मांडून तुळजापूरची एसटी काढतो. जुन्या बिलांची तिकिटं फाडतो, अर्धं तिकीट कुणाला ते त्याला पक्कं माहीत आहे. पाणी येतं त्या दिवशी (चार-पाच दिवसांनी, सोलापूरकरांना काय सांगायचं) तांब्यानं बादली भरत बसतो. किती तांब्यांत भरेल ते आधी सांगतो. म्हणतो बारा, होतात सतरा, की परत ओतून पहिल्यापासून. पाणी वाया जातं म्हणून मी ओरडते तो भाग वेगळा.

हे शिकणं आहे की आपण आईबाप स्वतःची समजूत घालतो? गल्लीत एक ताई छोट्या गटाची शिकवणी घेतात, महिना ४०० रुपये. घालू का?

जुळे_सोलापूर | ६ जुलै, सकाळी ७:०५

स्पष्ट बोलतो, राग नको. घाला शिकवणीला. माझी मुलगी मोठ्या गटात आहे. १०० पर्यंत लिहिते, पाचपर्यंत पाढे येतात. तीही खेळते, संध्याकाळी सहानंतर. एसटी-एसटी आपण सगळेच खेळलो, म्हणून सगळे शिकलो का? पहिलीत गेल्यावर बाकीची चाळीस पोरं लिहीत असतील आणि तुमचा तिकिटं फाडत असेल तेव्हा त्याचं त्यालाच वाईट वाटेल.

शेंगाचटणी | ६ जुलै, सकाळी ८:४०

सासूबाईंच्या आठवणीतली मुलं कायम पाटी भरत असतात. आमच्याकडची तर नवव्या महिन्यात चालायची आणि वर्षाची झाली की मंडईतून भाजी आणायची.

पाटीवरची_बाई | ६ जुलै, दुपारी ३:१५

एकतीस वर्षं शिकवलं, आधी बालवाडी, मग पहिली-दुसरी. आता घरी असते.

जुळे_सोलापूर, लेकीचं कौतुक आहे, खरंच. आज एक करून बघा. नऊ शेंगदाणे तिच्यासमोर ओळीत मांडा आणि मोजून घ्या. मग तिच्या देखत तेच दाणे लांब-लांब पसरा आणि विचारा, आता किती झाले? १०० पर्यंत घडाघडा लिहिणारी मुलं दर वर्षी माझ्या वर्गात यायची आणि त्यातली बरीच म्हणायची, "आता जास्त झाले." यात मुलाचा कमीपणा काही नाही. जाँ पियाजे नावाच्या स्विस माणसानं हेच मुलांसमोर करून बघितलं होतं. लांब पसरलं म्हणजे जास्त, असंच त्या वयाला दिसतं. सहा-सातच्या आसपास ते आपोआप सुटतं असं लोक म्हणतात, पण मी जेवढं बघितलं त्यात "आपोआप" म्हणजे पाचशे वेळा दाणे, गोट्या, चिंचोके मांडून-मोडून झाल्यावर. आकडा लिहिता येणं म्हणजे चित्र काढता येणं. नऊ म्हणजे किती हे कळणं ही दुसरीच गोष्ट आहे.

सूनबाई, तुमच्या लेकाच्या चपलांकडे मी बाई म्हणून बघते. एका चपलेला तिचीच दुसरी शोधणं, ही एकास एक जोडी. मोजणीची पहिली पायरी हीच. लहान ते मोठं लावणं म्हणजे क्रम. तांब्या-बादली म्हणजे अंदाज बांधायचा, मोजायचं, चुकलं की परत मोजायचं. माझ्याकडे दुसरीत येऊन "मापन" शिकणाऱ्या मुलांना हा अंदाजाचा भाग शिकवताना घाम फुटायचा. तो मुलगा आधी "बारा" म्हणतो ना, तिथं खरी गंमत आहे. पाण्याचं वाईट वाटत असेल तर बादलीखाली घमेलं ठेवा, सांडलेलं झाडांना घाला, पण खेळ थांबवू नका.

आमच्या प्रशिक्षणात डहाणूजवळच्या कोसबाडचं नाव रोज निघायचं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आधी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथूनच त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंची लाकडी साधनं महाग, ती पाड्यावर कुठून आणणार? मग शिंपले, बिया, खडे, माती हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली, म्हणून "अंगणवाडी". गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती "कुरणशाळा". आज चार हजारांचं "शैक्षणिक खेळण्यांचं" खोकं घेणाऱ्या पालकांना मी हे सांगते, तर ते माझ्याकडे म्हातारी बडबडते अशा नजरेनं बघतात.

मनगट | ६ जुलै, रात्री ९:५०

मी मुलांबरोबर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (लिहिणं, बटणं लावणं अशी रोजची कामं जमायला मदत करते). बघितल्याशिवाय कुणाच्या मुलाबद्दल ठाम बोलत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

मनगटात ८ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी कुर्चा (हाड होण्याआधीचा मऊ, लवचिक भाग) असतात. चौथ्या वर्षी एक्स-रे काढला तर त्यातली साधारण निम्मीच पक्की झालेली दिसतात, आणि वाटाण्याएवढं शेवटचं हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान उमटतं. म्हणून "लहानपणी लिहिलं की हाडं वाकडी होतात" असा एक मेसेज फिरत असतो. तो खोटा आहे. लिहिल्यानं हाड मोडत नाही. लिखाण अडतं ते स्नायूंच्या ताकदीपाशी आणि ताब्यापाशी, आणि हा ताबा खांद्यातून सुरू होऊन कोपर, मनगट असं करत बोटांत उतरतो. जो मुलगा झाडाला लोंबकळला नाही, रांगला कमी, ज्यानं ओढलं-ढकललं-चढलं नाही, तो टेबलाशी बसवल्यावर मान टाकतो, हात टेकवतो आणि पेन्सिल आवळून धरतो. आपण म्हणतो लक्ष नाही.

सव्वाचारला मुठीची पकड थोडी मागची आहे, हे लपवत नाही. घाबरण्यासारखं काही नाही. पेन्सिल महिनाभर कपाटात ठेवा. मेणखडूचे बोटभर तुकडे द्या. तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप लागतात. ओला ब्रश घेऊन गच्चीच्या भिंतीवर पाण्यानं चित्रं काढू दे, आपल्या उन्हात दोन मिनिटांत फळा कोरा होतो. शेंगा फोडायला बसवा. कणकेचे गोळे. कपड्यांचे चिमटे. आणि घरात सोलापुरी टॉवेल असेलच, तो भिजवून पिळू दे. त्या जाड टेरीला पिळायला जेवढा जोर लागतो तेवढा कुठल्याच खेळण्याला लागत नाही.

दोन-तीन महिन्यांत काहीच फरक नाही पडला, किंवा त्याला बटणं जमत नसतील, सारखा धडपडत असेल, एकच हात वापरत असेल, बोलणं मागे असेल, तर मात्र "मोठा झाला की येईल" म्हणून थांबू नका, दाखवून घ्या. खेळू द्या असं म्हणणारे लोक (मीही त्यातलीच) हे सांगायला विसरतात.

साखरपेठ_सूनबाई | ६ जुलै, रात्री १०:३०

बटणं लावतो, बोलणं तर थांबत नाही. धडपडतो पण बघून धडपडतो. धन्यवाद ताई, खूप हलकं वाटलं.

जुळे_सोलापूर | ७ जुलै, सकाळी ७:२०

दाणे पसरून बघितले. "जास्त झाले" म्हणाली. मुद्दा मान्य.

पण माझाही ऐका. माझे आजोबा गिरणीत होते, वडिलांनी यंत्रमागावर उभं राहून मला शिकवलं. आम्हाला कुणी खेळू नका म्हटलं नव्हतं, दिवसभर उनाडलो. इंजिनिअरिंगला गेल्यावर पुण्या-मुंबईच्या मुलांसमोर तोंड उघडता येत नव्हतं. ज्याच्या घरात पुस्तकं आहेत, आईबाप दोघं शिकलेले आहेत, त्याचं पोर खेळता-खेळता शिकेल हो. बाकीच्यांना वही लागते. "खेळू द्या" हे ज्याला परवडतं त्यानं म्हणावं.

अंगणवाडीतली | ७ जुलै, दुपारी ४:३०

ज्यांना परवडत नाही त्यांच्यातच मी रोज असते, म्हणून लिहिते. विडी कामगारांच्या वस्तीत माझी अंगणवाडी. पटावर तीन ते सहा वयाची बत्तीस मुलं. घरात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कानडी, कुणी उर्दू, मराठी निम्म्यांच्या घरी नाहीच. आया सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. हजार विड्या व्हायच्या तर दिवस जातो, पोराशी बोलायला डोकं वर करायलाही फुरसत नसते.

या मुलांना वही दिली तर ती गप्प बसतात. सांगितलेलं कळतच नाही. खेळघर मांडलं की तीच मुलं बोलायला लागतात. गेल्या वर्षीचा प्रसंग सांगते. चार मुली कोपऱ्यात बसून विड्या-विड्या खेळत होत्या. वडाची पानं गोळा केलेली, सूप म्हणून माझ्या पुठ्ठ्याच्या पेटीचं झाकण. एक मुलगी कारखान्यात माल तपासणारी झाली. एकेक पान उचलून "ही खराब, ही खराब" म्हणत बाजूला टाकायची. दुसरी भांडायला लागली, "माझ्या मोजून दे." दोघींनी मिळून मोजल्या, एक तेलुगूत, एक मराठीत, आणि आकडा जुळेना म्हणून परत मोजल्या. एकीला तर त्या दिवसाआधी मी मराठीत एक वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. मला बघून बरं वाटलं आणि पोटात कालवलंही. पाच वर्षांच्या पोरीला माल नाकारला गेला की आईचे पैसे कापले जातात हे माहीत आहे, आणि ती ते खेळून बघत होती.

जुळे_सोलापूर दादा, तुम्ही म्हणता पुस्तकवाल्यांचं पोर खेळात शिकतं. आमच्याकडे उलटं आहे. ज्या घरात बोलायला वेळ नाही त्या पोराला खेळाशिवाय शब्द मिळायला दुसरी जागाच नाही. मात्र एक कबूल करते, मी नुसती बसून राहिले तर होत नाही. मध्येच जाऊन गिऱ्हाईक व्हावं लागतं, "मला मोठी जुडी हवी, लहान नको" असं म्हणावं लागतं, तेव्हा मोठी-लहान हे शब्द येतात. आणि सगळं रोज जमत नाही. वजन-उंची, मोबाईलवर नोंदी, आहार, सर्वेक्षण यातून खेळाला राहिलेला वेळ मी सांगितला तर तुम्ही हसाल. वर पालक म्हणतात, तुमच्याकडे नुसतं खेळतात, त्यापेक्षा इंग्लिश मीडियमला टाकतो, तिथं निदान लिहून तरी घेतात.

शेंगाचटणी | ७ जुलै, संध्याकाळी ६:१०

ताई, हा प्रतिसाद परत वाचला. काही बोलत नाही.

पीएचडी_अर्धवट | ७ जुलै, रात्री ११:४५

विषय जवळचा आहे (प्रबंध मात्र पाच वर्षं तिथंच आहे), थोडं पुस्तकी लिहितो.

एसटी कंडक्टरवर रशियन मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्की खूश झाला असता. १८९६ साली जन्मला, ३७ व्या वर्षी क्षयानं गेला, तरी आज सगळे त्याचं नाव घेतात. त्याचं म्हणणं असं होतं की नाटकी खेळात मूल मनाला येईल तसं वागतच नाही, उलट नियम पाळतं. कंडक्टर झालेल्या मुलाला मध्येच पळता येत नाही, घंटी द्यावी लागते, उतारूनं पैसे दिल्याशिवाय तिकीट देता येत नाही. एरवी दोन मिनिटं न थांबणारं पोर तुळजापूर येईपर्यंत उभं राहतं. स्वतःला आवरणं, लक्षात ठेवणं, ठरलेलं बदललं की आपणही बदलणं, शाळेत जे "लक्ष" मागतात ते यातूनच घडतं. दुसरं म्हणजे बिलाचा कागद "तिकीट" होतो. काठीचा घोडा होतो हे त्याचंच उदाहरण. एक वस्तू दुसऱ्या गोष्टीच्या जागी उभी राहते हे ज्याला कळलं, त्याला पुढे "क" ही रेघोटी एका आवाजाच्या जागी उभी असते हे कळायला सोपं जातं.

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ मध्ये मुलं खेळताना बघून पायऱ्या मांडल्या. आधी एकट्यानं, मग दुसऱ्याचं नुसतं बघत, मग शेजारी बसून पण आपापलं, मग देवाणघेवाण करत, शेवटी ठरवून मिळून. अंगणवाडीतल्या ताईंच्या चार मुली शेवटच्या पायरीवर आहेत. तीन वर्षांचं मूल "कुणात मिसळत नाही" म्हणून जे पालक काळजीत असतात, त्यांनी बघावं की ते शेजारी बसून आपापलं खेळतंय का. बहुतेक वेळा तेच चाललेलं असतं.

सरकारी बाजू म्हणाल तर कागद पूर्ण खेळाच्या बाजूनं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला. त्याचा राष्ट्रीय आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, बाहुल्या, कोडी, गोष्टींची "जादुई पिटारा" नावाची पेटी काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसात निदान १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० मिनिटं दमवणारी, आणि पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास असं म्हटलंय.

आता उलट बाजू. नुसत्या मोकळ्या खेळातून अक्षरं येत नाहीत. वाचायला शिकताना आवाज आणि अक्षर यांची जोडी कुणीतरी दाखवावीच लागते. खेळ म्हणजे मुलांना सोडून द्यायचं आणि मोठ्यांनी मोबाईल बघायचा, असा अर्थ काही शाळांनी काढलाय, तोही फसवाच.

जुळे_सोलापूर | ८ जुलै, सकाळी ७:००

खेळाच्या चर्चेत फिनलंडच्या शाळांचं उदाहरण आलं नाही अजून, आश्चर्य आहे.

पीएचडी_अर्धवट | ८ जुलै, सकाळी ९:१५

फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते. घ्या, आलं. पण तिथं सहाव्या वर्षी पूर्वप्राथमिक सक्तीचं आहे आणि तिथल्या बाईंच्या वर्गात साठ मुलं नसतात, हे सांगायचं लोक टाळतात.

होटगी_रोड_बालवाडी | ८ जुलै, दुपारी १:३०

मी छोटी बालवाडी चालवते, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचं शेड. आतली गोष्ट सांगते, कुणाला आवडो न आवडो.

वही मुलासाठी नसते. वही पालकांना दिलेली पावती असते. फी घेतली, त्याबदल्यात काय दिलं ते दाखवायला कागद लागतो. मुलानं आज वाळूत पाट काढला, धरण फोडलं, शेजारच्याचं पाणी पळवलं म्हणून भांडला आणि मिटवलं, हे घरी कसं पाठवू? पहिल्या वर्षी मी लिहिणं बंद ठेवलं. दिवाळीनंतर अकरा मुलं कमी झाली. एका बाबांनी सरळ विचारलं, "बाई, वाळूत खेळायला आम्ही पैसे देतो का?" वाळूचे दर माहीत असते तर त्यांनी तसं विचारलं नसतं.

आता मी मधला मार्ग काढलाय. आठवड्यातून एक पान वहीत. बाकी दिवस मुलं काय करतात ते दाराजवळच्या फळ्यावर दोन ओळींत लिहिते. "आज आदळ-आपट न करता रांगेत घसरगुंडी. सात वेळा." पालक आणायला येतात तेव्हा वाचतात, हसतात, आणि मग एखादी आई विचारते, घरी काय करू. वर्षभरात वहीची मागणी थोडी कमी झाली. गेली नाही.

"खेळातून शिक्षण" असा बोर्ड लावणाऱ्यांपासून मात्र सावध राहा (माझाही तोच बोर्ड आहे). रंग भरायचे छापील कागद, सगळ्यांना एकच ससा, सगळ्यांचा ससा पांढराच. बाई म्हणतील तेव्हा सुरू, बाई म्हणतील तेव्हा बंद. तो खेळ नव्हे, तो गोड बोलून घेतलेला गृहपाठ. मुलाला नको म्हणता येतं का आणि त्याला नियम बदलता येतो का, एवढं बघा. मुलाखतीच्या नावाखाली चिमुरड्याला आकडे विचारणाऱ्या शाळा असतील तर तेही लक्षात ठेवा, शाळाप्रवेशासाठी मुलांची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घ्यायला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ नुसार बंदी आहे.

धोटा_कांडी | ८ जुलै, रात्री ८:४०

वय ७१. नातू टायपायला मदत करतो. चुका त्याच्या.

आमच्या घरात खाली माग, वर राहायचं. खडखडाटात पोरं झोपायची, माग बंद पडला की जागी व्हायची. खेळणी म्हणजे सुताच्या रिकाम्या कांड्या आणि तुटका धोटा (मागात आडवं सूत नेतो तो). धोट्याची होडी, धोट्याची रेल्वे. कांड्यांचे मनोरे रचायचे. रंगीत सुताचे तुकडे वेगळे करायचं काम माझी आई आम्हाला द्यायची. आम्हाला वाटायचं खेळ आहे, तिला वाटायचं काम आहे. दोघंही खूश.

गणित म्हणाल तर आम्ही अष्टाचम्मा खेळून शिकलो. शेजारची कानडी मावशी त्याला चौकाबारा म्हणायची. खडूनं फरशीवर पाच बाय पाच घरं आखायची. चार कवड्या, नाहीतर दोन चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळ्या. टाकायच्या आणि पांढऱ्या बाजू बघायच्या. एक पांढरी, एक घर. तीन पांढऱ्या, तीन घरं. चारही पांढऱ्या तर चार, तो चम्मा. एकही पांढरी नाही तर आठ, तो अष्टा. आमचा नातू साडेपाचचा, बोट न लावता नुसत्या नजरेनं सांगतो किती पडले. आणि पुढचं गणित मनात चालतं, तीन पडले तर त्याची सोंगटी मरते, दोन पडले तर माझी वाचते. परवा मी मुद्दाम एक घर जास्त चाललो. लगेच ओरडला, "आजोबा, काय करलालास बे?" आजोबांना बे म्हणू नये हे त्याला शिकवायचं राहिलंय. मोजायचं राहिलेलं नाही.

सुनेनं त्याच्यासाठी गड्ड्याच्या जत्रेतून बॅटरीवरची गाडी आणली होती. तीन दिवस चालली. त्याच जत्रेतली मातीची भातुकली अजून आहे, झाकणं तेवढी फुटलीत. तव्याचं झाकण केलंय.

पाटीवरची_बाई | ८ जुलै, रात्री ९:१०

धोटा_कांडी काका, चिंचोक्याच्या डाळ्यांवर मी आख्खा वर्ग शिकवलाय. न मोजता नजरेनं तीन-चार ओळखणं पुढे बेरजेला फार उपयोगी पडतं. सूनबाई, शिकवणीचे ४०० रुपये वाचले बघा.

जुळे_सोलापूर | ८ जुलै, रात्री ९:३०

पण चिंचोके नाकात घालतील ना?

मनगट | ८ जुलै, रात्री ९:४५

तीनच्या आतली घालतातच. तीननंतरही नजर ठेवून. घरात धाकटं भावंड असेल तर खेळ झाला की डबा वर.

साखरपेठ_सूनबाई | २८ जुलै, रात्री १०:५०

धागा वर काढते, काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

बाईंना भेटले. भांडायच्या तयारीनं गेले होते, तिथं वेगळंच निघालं. त्यांच्या वर्गात ४४ मुलं, मदतनीस एक, आणि महिनाअखेर वह्या तपासायला वरून माणूस येतो. त्या म्हणाल्या, "मलाही कळतं हो, पण वही कोरी दिसली की मला बोलावतात." मग आमचं असं ठरलं, घरचा सराव बंद, त्याऐवजी तो वर्गात जेवढं करेल तेवढं, आणि पानावर त्या बरोबरची खूण करतील. शेरा परत आला नाही अजून.

घरी पेन्सिल कपाटात आहे. टॉवेल पिळतो, अर्धा स्वतःच भिजतो. भिंतीवर पाण्यानं "रस्ता" काढतो, तो सुकायच्या आत गाडी पळवायची असते. मूठ अजून आहे, तुकडा दिला तर बोटं लागतात, लांब खडू दिला की परत मूठ. आकडे लिहीत नाही. तिकिटांवर मात्र काहीतरी गिरगटतो आणि विचारलं तर सांगतो, "हे पंचवीस, हे अर्धं." दोन्ही गिरगटणी मला सारखीच दिसते.

शिकवणीला दोन दिवस गेला. सासूबाईंनी परस्पर घातला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं जायचं नाकारलं, कारण तिथं त्याला ड्रायव्हर कोण आहे ते कुणी सांगितलं नाही. आता सासूबाई दुपारी स्वतःच त्याच्याबरोबर शेंगा फोडायला बसतात. पटलंय असं नाही. "शेंगा फुकट फोडून होतात," असं म्हणाल्या.

अंगणवाडीतली | २८ जुलै, रात्री ११:००

बाईंशी बोललात ते फार चांगलं झालं. आमच्याकडे कुणी बोलायला येत नाही, सरळ नाव काढून नेतात.

जुळे_सोलापूर | २९ जुलै, सकाळी ७:१०

धोटा_कांडी काका, एक शंका. मुलीला अष्टाचम्मा शिकवला. कवड्या नव्हत्या, मंगळवार बाजारातून चिंचोके आणले, पावशेर. आता ती आतल्या घरांत सोंगटी न्यायला बघते आणि माझी आई म्हणते, आधी समोरच्याची एक सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. मुलगी म्हणते हे आजी आत्ता बनवून सांगतेय. खरं काय? पाढे बाजूला राहिलेत हे मान्य करतो, हसू नका.

धोटा_कांडी | २९ जुलै, सकाळी ११:२५

तुमच्या आईचं बरोबर आहे. मारल्याशिवाय आत नाही.

शेंगाचटणी | २९ जुलै, दुपारी १२:०५

आमच्याकडे मारायची अट नव्हती. आणि अष्टा पडला की परत एक डाव.

धोटा_कांडी | २९ जुलै, दुपारी १२:४०

परत डाव चम्मा पडला तरी मिळतो. अट नव्हती म्हणजे तुम्ही कुठल्या पेठेतले?

शेंगाचटणी | २९ जुलै, दुपारी १२:५२

भवानी पेठ.

धोटा_कांडी | २९ जुलै, दुपारी १:१०

मग बरोबर आहे, तिकडं असलंच खेळायचे. जुळे_सोलापूर, मुलीला सांगा, डाव सुरू व्हायच्या आधी ठरवायचं. मध्येच नियम काढला तर आजीचा डाव बाद.